उलव्यातल्या जुन्या खाजणावर घर बांधायचंय, सिमेंट आणि मुरूम कमीत कमी वापरून जमीन घट्ट करता येईल का?

खाजणातली (प्रश्न)

नमस्कार. वडिलांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत (संपादन झालेल्या जमिनीच्या बदल्यात) मिळालेला, नवी मुंबईतल्या उलव्यातला २०० चौरस मीटरचा प्लॉट आहे, खाडीकडच्या अंगाला. त्यावर तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचंय. मी लहान असताना इथे खाजण होतं, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. भाताची खाचरं, पलीकडे बांध, आणि उघाडीपाशी (बांधातून पाणी सोडायच्या दारापाशी) नशीब असेल त्या दिवशी जिताडा मासा. मग दीड मीटर मुरमाचा भराव पडला, त्याला आता बारा वर्षं झाली. वरून चालताना जमीन टणक लागते.

गेल्या महिन्यात बोअर मारून घेतला. दीड मीटर मुरूम, त्याखाली साडेआठ मीटरपर्यंत काळाकरडा चिखल, मधेमधे शिंपल्यांचे तुकडे. मग पिवळट कुजका खडक आणि साडेदहा मीटरवर काळा पाषाण. चिखलाची एन व्हॅल्यू, म्हणजे नळी ठरावीक खोलीपर्यंत आत जायला लागणारे हातोड्याचे ठोके, ० ते २ आली आहे. बोअरवाल्या मुलाने दाखवलं की हातोडा पडायच्या आधीच नुसत्या रॉडच्या वजनाने नळी खाली जात होती. नळीतून निघालेला गोळा मी हातात घेतला. लोण्यासारखा मऊ. मूठ दाबली तर बोटांच्या फटींतून बाहेर आला, आणि वास सडक्या अंड्याचा. साबणाने दोनदा हात धुतले तरी संध्याकाळपर्यंत वास गेला नाही. रिपोर्टमध्ये पाण्याचं प्रमाण ८२ टक्के लिहिलंय, म्हणजे एक किलो कोरड्या मातीमागे ८२० ग्रॅम पाणी.

ठेकेदाराने दोन मार्ग सांगितले. एक, तीन मीटर खणून तो चिखल फेकायचा आणि दगड-मुरूम भरायचा. हिशेब केला तर दोनशे ब्रासच्या वर जातो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दुसरा, पाषाणापर्यंत सोळा पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, आणि वर बीम. पाइलची धास्ती अशी की आमच्या मागच्या गल्लीत एकाने तसंच घर बांधलं आणि अंगणात मीटरभर नवा भराव टाकला. पाच वर्षांत घराला एक तडा नाही, पण अंगण खाली गेलं. पायरी आणि जमीन यांच्यात वीतभर पोकळी आहे, आणि भिंतीतून बाहेर येणारा ड्रेनेजचा पाइप दोनदा तुटला.

मुरूम नको म्हणण्याचं कारणही सांगते. उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली ती आमच्या डोळ्यांसमोर. पारसिकच्या डोंगराला खाणींनी किती खाल्लंय ते नेरुळला जाता-येता दिसतं. माझ्या एका घरासाठी अजून दोनशे ब्रास डोंगर चिखलात गाडायला मन धजत नाही.

वाचनात बरंच आलं: माती दगडासारखी करणारे जिवाणू, काथ्याच्या जाळ्या, तागाच्या पट्ट्या, चुना. यातलं आमच्या चिखलात खरोखर काय चालतं? मला घाई नाही. सध्या नेरुळला भाड्याने राहतो, अजून दोन वर्षं थांबता येईल.

पोकलेनवाला

ताई, घराखाली चिखल आहे म्हटल्यावर पाइल टाका आणि निश्चिंत राहा. १५ वर्षं या भागात मशीन चालवतोय. खणून भरलेल्या प्लॉटवरची घरं तिरकी झालेली पाहिली आहेत, कारण खालचा उरलेला चिखल, तुमच्याकडे साडेपाच मीटर, तसाच राहतो. तुमच्या ठेकेदाराचा पहिला मार्ग तेवढा सोडून द्या. बाकी काथ्याबिथ्या रस्त्याला ठीक, घराला कसं चालेल मला कळत नाही.

माती_तपासनीस

खाजणातली ताई, मी ३१ वर्षं माती तपासण्याच्या कामात काढली. त्यातली बरीच वर्षं ठाण्याच्या खाडीपासून उरणपर्यंत याच चिखलात गेली. तुम्ही गोळा हातात घेऊन पाहिलात हे फार चांगलं केलंत. मालक सहसा रिपोर्टचं शेवटचं पान वाचतात.

आधी जिवाणूंचं सांगतो. स्पोरोसार्सिना पाश्चुरी नावाचा जिवाणू युरियाचं विघटन करतो, त्यात कॅल्शियम मिसळलं की कणांच्या सांध्यांवर चुनखडी धरते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला १०० घनमीटर वाळूवर हा प्रयोग झाला आहे, त्यातली बरीच वाळू खरोखर दगडासारखी झाली. पण ती वाळू होती. जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा, आणि आपल्या चिखलातल्या फटी त्याहूनही बारीक. तो आत शिरणार कुठून? सोयाबीनमध्ये असणारं युरियेज एन्झाइम वापरूनही हेच करता येतं, एन्झाइम जिवाणूपेक्षा पुष्कळ लहान असतं. पण द्रावण चिखलात सरकतच नाही, तर ते सात मीटर खोल पोचवायचं कसं हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय युरियाच्या प्रत्येक रेणूमागे अमोनियमचे दोन आयन सुटतात. ते खाडीत गेले तर तुम्ही जे वाचवायला निघालात त्यालाच धक्का. तुमच्या प्लॉटसाठी हा मार्ग नाही.

चुना चिखलात चांगला काम करतो, पण त्याला पर्यावरणस्नेही म्हणताना जपून. चुनखडी भाजून एक टन चुना करताना, भट्टीचं इंधन सोडून नुसत्या दगडातूनच पाऊण टनाच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. सिमेंटचंही गणित साधारण अशाच घरातलं आहे. खाडीच्या मातीत सल्फेट असतात, आणि चुना, सल्फेट व मातीतलं ॲल्युमिना एकत्र आले की फुगणारे स्फटिक तयार होऊ शकतात. तपासणी केल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या चिखलाचा दोष एकच आहे: त्यात पाणी फार आहे आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. वजन आलं की ते आधी पाण्यावर येतं. पाणी हळूहळू निघून जातं तसतसे मातीचे कण एकमेकांवर टेकतात, जमीन खचते आणि घट्ट होते. टेर्झागींनी १९२५ मध्ये याचं गणित मांडलं. त्यातली घरबांधणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे लागणारा वेळ पाण्याच्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वाट निम्मी केली की वेळ चौथाई. तुमच्या सात मीटर थरात पाणी वर मुरमात आणि खाली कुजक्या खडकात जातं, म्हणजे लांबात लांब वाट साडेतीन मीटर. एवढ्याला या चिखलात दहाएक वर्षं लागतात. म्हणून बारा वर्षांपूर्वीच्या भरावाचं बसणं आता बहुतेक उरकलंय. पण घराचं वजन नवीन, त्याचं बसणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार.

हीच वाट आडवी आणि अर्ध्या मीटरची केली तर? चिखलात मीटरभर अंतरावर उभ्या पट्ट्या घालायच्या, हाताच्या पंजाएवढ्या रुंद, ज्यांतून पाणी वर येईल. मग वर घरापेक्षा जास्त वजन ठेवून आठ-दहा महिने थांबायचं, आणि वजन काढून घर बांधायचं. बंदरं, रेल्वेचे भराव, कंटेनर यार्ड यांच्या कामात हे सर्रास होतं. भारतीय मानक १५२८४ चा २००४ सालचा दुसरा भाग याच पद्धतीवर आहे.

बाजारातल्या पट्ट्या प्लास्टिकच्या असतात आणि काम झाल्यावर कायमच्या जमिनीत राहतात. पण १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये ही पद्धत आली तेव्हाच्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या होत्या. पुढे १९८० च्या दशकात सिंगापूरला तागाच्या कापडात काथ्याच्या दोऱ्या शिवून पट्टी तयार झाली आणि ती मऊ चिकणमातीत वापरली गेली. तुमचं काम वर्षभराचं आहे. तेवढा काळ ताग-काथ्या तग धरतो, त्यातही काथ्या जास्त, कारण त्यात लिग्निन भरपूर. नंतर तो कुजून गेला तरी काही बिघडत नाही, कारण पाणी काढून झालेलं असतं. पोकलेनवाला भाऊ, इथे काथ्या घर उचलून धरत नाही, तो फक्त पाण्याची वाट आहे. घर उचलणार तुमचीच घट्ट झालेली माती.

आकडे अंदाजे सांगतो, याची खातरजमा तुमच्या प्लॉटवर येऊन सही करणाऱ्या भूतांत्रिक सल्लागाराकडून करून घ्या. राफ्टसकट (राफ्ट म्हणजे सगळ्या घराखालचा सलग काँक्रीटचा पाया) दोन मजल्यांचं वजन चौरस मीटरला तीनेक टन. वर अडीच मीटर मुरूम ठेवलात तर साडेचार टन. त्याखाली जमीन अर्धा ते पाऊण मीटर बसेल आणि चिखलाची ताकद जवळपास दुप्पट होईल. मग हलक्या ब्लॉकच्या भिंती आणि सलग राफ्टवर तळमजला अधिक एक जमू शकतं. त्यावर आणखी मजला मात्र कधीही चढवायचा नाही, हे घरच्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा.

दोन धोके. अडीच मीटर एकदम टाकलात तर आजचा चिखल ते पेलणार नाही, बाजूने उसळेल. पाऊण-पाऊण मीटरचे थर, मधे तीन-चार आठवडे. दुसरा धोका शेजाऱ्यांचा. तुमची जमीन बसताना कडेची जमीनही ओढली जाते. शेजारी बांधलेलं घर असेल तर ही पद्धत विसरा आणि स्लॅग सिमेंट वापरून पाइल करा. शेजारचे प्लॉट कोणाचे आहेत?

खाजणातली

सर, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. रात्री वडिलांना वाचून दाखवलं. ते पाणी निघण्याच्या भागापाशी थांबले आणि म्हणाले, "मग बांधाचंच झालं की हे."

शेजारचे तीन प्लॉट भावकीतलेच आहेत. दोन चुलत काकांचे, एक आत्याच्या मुलाचा. चारही सलग, चारही रिकामे. तिन्ही बाजूंना बांधकाम नाही, चौथ्या बाजूला रस्ता आणि गटार. दोघांना पुढच्या तीन-चार वर्षांत बांधायचंच आहे. पण अडीच मीटर मुरूम म्हणजे पुन्हा पावणेदोनशे ब्रास झाला ना? मग मी डोंगर वाचवला कुठे?

माती_तपासनीस

चार प्लॉट सलग असतील तर तुमच्यासारखं भाग्य या भागात फार थोड्यांचं. वजन आळीपाळीने फिरवा. आधी दोन प्लॉटवर चढवायचं, ते बसले की उचलून पुढच्या दोनवर. घरटी खणून भरलं असतं तर चार घरांना साडेआठशे ब्रास जमिनीत गेला असता. इथे साडेतीनशे ब्रास फिरेल. जमीन बसल्याने पातळी भरायला त्यातला निम्मा खाली राहील आणि उरलेला परत मिळेल.

शिवाय वजन हे वजन असतं, ते मुरमाचंच असायला हवं असं कोणी सांगितलं? वाशीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. तिथला निवडलेला राडारोडा, म्हणजे काँक्रीट आणि विटा, लाकूड-प्लास्टिक-जिप्सम काढून, रीतसर परवानगी असलेल्या ठिकाणाहून घ्या. सगळ्यात खालचा अर्धा मीटर तेवढा स्वच्छ खडीचा किंवा क्रश सँडचा हवा. पट्ट्यांतून वर आलेलं पाणी त्यातूनच कडेला जातं. तो थर मातीने चोंदला तर खालची सगळी मेहनत वाया.

मोजणीत कसूर नको. प्रत्येक प्लॉटवर तीन लोखंडी प्लेटा जमिनीवर बसवा, प्रत्येकीला उभा पाइप, आणि दर आठवड्याला लेव्हल घ्या, म्हणजे प्लेट किती खाली गेली ते मोजा. वजन कधी काढायचं ते कॅलेंडर बघून ठरवू नका. आलेख सपाट होऊ लागला की मला कळवा.

न्हावाकाठ

आमचे आजोबा खारभूमीच्या बांधाचं काम करायचे. लहानपणी मी डोक्यावर पाणी घेऊन जायचो म्हणून डोळ्यांसमोर आहे. फावड्याने चिखलाची ढेकळं कापायची, एकावर एक रचायची, पायाने तुडवायची. एका उन्हाळ्यात कमरेच्या वर बांध कधी नेला नाही. मुकादम ओरडला तरी नाही. पहिला थर उन्हात तडकून पांढरा पडला की त्या तड्यांत नवा चिखल भरायचा आणि मग पुढचा थर. घाईने उंच केलेला बांध पहिल्या उधाणाला पोटातून फुगतो आणि बसतो, तसा एक बसलेला मी पाहिलाय. आठ खाचरांत खारं पाणी शिरलं, दोन वर्षं भात नाही. तपासनीस साहेबांचे पाऊण-पाऊण मीटरचे थर वाचले आणि आजोबांचीच आठवण झाली. ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

बेलापूर_किनारा

कागदपत्रांचं थोडं. मुरूम आणला तर प्रत्येक डंपरचा गौण खनिजाचा पास जपून ठेवा. प्लॉट खाडीकडे आहे म्हणून कांदळवनापासूनचं अंतर मोजून घ्या. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार कांदळवनाच्या भोवती ५० मीटर पट्ट्यात बांधकाम करता येत नाही, आणि राडारोडा टाकण्यालाही बंदी आहे, तात्पुरता असला तरी. सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नकाशाही बघा. पलीकडच्या ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. तुम्ही काळजी घेणाऱ्या आहात, पण शेजारचा तुमचा ढीग बघून आपला ढीग कांदळवनात लोटतो, हा इथला अनुभव आहे. ढिगाला कुंपण घालाच.

स्लॅग सिमेंटचा उल्लेख आलाय म्हणून सांगतो. मानक ४५५ प्रमाणे त्यात २५ ते ७० टक्के पोलाद कारखान्यातली भट्टीची मळी असते. तेवढं क्लिंकर (ज्याची पूड करून सिमेंट होतं ते) भाजायचं वाचतं, आणि खाऱ्या पाण्यापुढे असं काँक्रीट जास्त टिकतं. राफ्टलाही तेच वापरा. सुरुवातीला ताकद जरा हळू धरतं, म्हणून पाणी मारण्यात टाळाटाळ नको.

खाजणातली (नऊ महिन्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. काम सुरू केलं.

कांदळवनाचं अंतर मोजून घेतलं, आम्ही पट्ट्याच्या बाहेर आहोत. भावकीला तयार करायला दोन रविवार गेले. मोठ्या काकांचा आक्षेप होता की त्यांच्या जागेवर आधी वजन का. आधी वजन म्हणजे आधी घर, हे समजल्यावर तेच पुढे झाले. सल्लागार बाई पनवेलच्या आहेत, त्यांनी चिखलाचे अखंड नमुने काढून पुन्हा तपासले आणि पट्ट्यांचं अंतर मीटरभरच ठेवलं.

ताग-काथ्याच्या पट्ट्या कोलकात्याकडून मागवल्या, यायला सात आठवडे लागले. आमच्या प्लॉटवर २३० जागा, मिळून दोन किलोमीटरच्या आसपास पट्टी. पोकलेनच्या हाताला लोखंडी नळी बांधून पट्टी आत सोडायची. पहिल्याच दिवशी १९ जागी जुन्या भरावातले दगड आडवे आले, तिथे आधी भोकं पाडावी लागली. तो खर्च कोणी धरला नव्हता, पुढे करणाऱ्यांनी धरावा. मुरूम फोडून नळी चिखलात शिरली की तिचा आवाजच बंद व्हायचा.

पहिला थर डिसेंबरमध्ये, शेवटचा फेब्रुवारीच्या २० तारखेला. खाली खडी, वर बहुतेक वाशीचा राडारोडा. चौथ्या दिवशी खडीच्या कडेने पाणी झिरपायला लागलं, गढूळ नाही, स्वच्छ. वडिलांनी बोट लावून जिभेवर ठेवलं आणि म्हणाले, "खाडीच आहे." मार्चच्या उन्हात त्या कडेला मिठाची पांढरी रेघ धरली. ते रोज सकाळी काठीने तिची लांबी मोजायचे.

लेव्हल मी स्वतः शिकले, दर शनिवारी घेते. मधल्या प्लेटने ५ जूनपर्यंत ३८ सेंटिमीटर दाखवले आहेत, कडेच्या दोन्ही प्लेटा २९ आणि ३१. एप्रिलमध्ये आठवड्याला दोन सेंटिमीटर जात होतं, आता एकच. रस्त्याच्या गटाराला केसाएवढी भेग आली आहे, तिच्यावर काचपट्टी चिकटवलीय, भेग वाढली तर ती फुटेल, अजून फुटलेली नाही.

सर, पावसाळा तोंडावर आहे. ढीग ताडपत्रीने झाकू का?

माती_तपासनीस

आकडे वाचून फार बरं वाटलं. ढीग झाकायची गरज नाही, भिजला तर वजन थोडं वाढेल एवढंच. मात्र पावसाने कड कोसळू नये म्हणून चारही बाजूंना मातीने भरलेल्या पोत्यांची ओळ लावा. आणि खडीच्या कडेचं पाणी जिथून बाहेर पडतं ती वाट रोज मोकळी करा, पावसात तिथेच गाळ बसतो. ऑगस्टमध्ये आठवड्याला तीन मिलिमीटरच्या खाली आलं की बाईंना बोलवा, वजन काढण्याआधी मधोमध पुन्हा एक बोअर घ्यायला लावा. त्या वेळी नळीतला गोळा परत मुठीत दाबून बघा आणि इथे लिहा.

गटाराच्या भेगेचा फोटो दर शनिवारी, लेव्हलच्या वहीतच चिकटवून ठेवा.

खाजणातली

हो सर. पोती आजच सांगितली. वडील म्हणतात पाण्याची वाट मोकळी ठेवायचं काम त्यांचं, उघाडी त्यांनीच सांभाळली होती.